न्येवेसच्या मेजावरची दोन नावं

दोन नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजायच्या सुमारास माजी राष्ट्राध्यक्ष आर्तुरो कोंदार्को ला पासहून एल आल्तोला चढणाऱ्या केबल-कारमध्ये बसले आणि समोरच्या बाईने त्यांना विचारलं, "आजोबा, एका प्रार्थनेला किती पाव घेता?"

प्रश्न कळायला त्यांना वेळ लागला. पाळणा स्टेशनातून सुटला, एकदा झुलला आणि घरांच्या पत्र्यांवरून वर निघाला. बाईच्या मांडीवर उसाचे तुकडे आणि पिवळी फुलं भरलेली टोपली होती. ती त्यांच्या कोटाकडे पाहत होती. काळा कोट, कोपरांवर झिजून चकाकणारा. आणि हातात कापडी पिशवी. आजच्या दिवशी अशा वेषातले म्हातारे वरच्या शहरात दारोदार फिरत असतात. ज्यांच्या घरी मृतांचं मेज मांडलेलं असतं तिथे शिरायचं, गेलेल्याच्या नावाने प्रार्थना म्हणायची, घरच्यांनी पिशवीत टाकलेले पाव घ्यायचे आणि पुढच्या दाराला लागायचं. कोंदार्को निघाले तेव्हा कुणीतरी ओळखेल या भीतीने गडद काचांचा चष्मा खिशात घालून आले होते. कुणी ओळखणार नाही, याची तयारी त्यांनी केली नव्हती. द्याल तेवढे, असं ते म्हणाले. बाईला ते पटलं. तिच्या गल्लीत येणारा म्हातारा तोंड उघडायच्या आधीच भाव करतो आणि वर घाईघाईत उरकतो, असं तिने सांगितलं. मागच्या वर्षी तर त्या मेल्याने तिच्या नवऱ्याच्या जागी शेजारणीच्या सासऱ्याचं नाव घेतलं, म्हणजे सगळी प्रार्थना तिकडे पोचली, आणि तो सासरा हयातीतही फुकटचंच खाणारा होता. कोंदार्को हसले. कुणाच्या बोलण्यावर असं सहज हसून त्यांना बरेच महिने झाले असावेत. ही बाई त्यांना मत देणारी होती की न देणारी, हा विचार जुन्या सवयीने मनात आला आणि वय पाहता ती देणाऱ्यांतली असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पिशवी त्यांची नव्हती. स्वयंपाकाला येणाऱ्या एउलालियाबाईंनी ती काल हातात दिली होती. प्रार्थनेला जाणारा माणूस रिकाम्या हाताने गेला तर लोक समजतात नुसता बघायला आलाय, असं त्या म्हणाल्या होत्या. कोंदार्कोंनी त्यांना फक्त एवढंच विचारलं होतं की मेज नक्की किती वाजेपर्यंत असतं. त्यांना ते माहीत होतं. पण कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मृतात्मे एक तारखेला दुपारी येतात आणि दोन तारखेला दुपारी जातात. गेलेल्या माणसासाठी तीन वर्षं मेज मांडतात, मग बंद. त्यांच्या मुलीचं, न्येवेसचं, हे तिसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी त्यांनी मोठं फुलांचं चक्र पाठवलं होतं. सेक्रेटरीने सवयीप्रमाणे रिबिनीवर 'माजी राष्ट्राध्यक्षांकडून' असं छापून घेतलं, आणि ते चक्र दोन दिवस न्येवेसच्या घरासमोरच्या फूटपाथवर टायरांच्या ढिगाला टेकून उभं होतं, असं पोचवणाऱ्याने नंतर सांगितलं. दुसऱ्या वर्षी ते स्वतः निघाले, पण वरच्या स्टेशनात दूरदर्शनवाले सणाचं चित्रीकरण करत होते, आणि ते तिथूनच परतीच्या पाळण्यात बसून घरी आले. आता सेक्रेटरी नव्हता, गाडी नव्हती, दारावरचा पोलीसही सरकारने काढून घेतला होता. त्यांच्या हातात एक नियम तेवढा उरला होता, तोही सरकारचा नव्हे: प्रार्थना म्हणायला आलेल्या माणसाला मेजावरून परत पाठवता येत नाही. मग तो वैरी असो. बाप असो.

हा नियम ते वायरापातात शिकले होते, कथिलाच्या खाणीवर, जिथे त्यांना कुणी आर्तुरो म्हणत नसे. तिथे तो इलारिओन होता, घरात आणि गल्लीत लाचो. दोन नोव्हेंबरला लाचो आणि त्याचा दोस्त सेवेरो चोके पहाटेपासून पिशव्या घेऊन फिरत. सेवेरोला एकही प्रार्थना शेवटपर्यंत येत नसे, पण त्याचा आवाज खाणीच्या भोंग्यासारखा होता. लाचोला लॅटिनसकट सगळं पाठ, पण आवाज बारीक. तू शब्द सांभाळ, मी आवाज सांभाळतो, असं सेवेरो म्हणायचा. ज्यांच्या घरचा माणूस बोगद्यात गेलेला असे त्या घरांत पाव जास्त मिळत, म्हणून ते तिथे आधी जात. अशा घरांची वायरापातात वाण नव्हती. संध्याकाळी रुळांवर बसून वाटणी होई, आणि घोड्याच्या आकाराचे पाव नेहमी सेवेरोकडे जात. पुढे कामगार संघटनेने एका पोराला शिकवायचं ठरवलं, तेव्हा शब्दवाल्याला पाठवलं. आवाजवाला बोगद्यात उतरला. यात कुणाला काही चूक वाटली नव्हती. विद्यापीठाच्या नोंदणीत त्यांनी आपलं दुसरं नाव पुढे घेतलं, कारण इलारिओन म्हटलं की वर्गातली मुलं, खेडवळ समजून, अंगावरचा पोंचो कुठे ठेवलास असं विचारत. वकील झाले. वकिलाला सगळे डॉक्टर म्हणतात, तसे डॉक्टर कोंदार्को झाले. संघटनेचे खटले लढवले, जनरलच्या काळात तुरुंगात गेले, मग लिमात हद्दपारीत, आणि परत आले ते पक्षाचे नेते होऊनच. विमानतळावर सेवेरोने त्यांना खांद्यावर घेतलं होतं. लहानगी न्येवेस त्या गर्दीत बापाचा बूट धरून लोंबकळत होती, कारण तिला फक्त बूटच पोचत होता. ती सेवेरोची धर्मकन्या, त्याला पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणायची. म्हणजे ते दोघे एकमेकांचे कोम्पाद्रे, आणि हे नातं रक्ताच्या भावापेक्षा वरचं धरतात. निवडणुकीत खाणींनी त्यांना पेट्या भरभरून मतं दिली. राजवाड्याच्या सज्जात खांद्यावरून पट्टा घालून उभे राहिले तेव्हा खालच्या चौकात वायरापाताचे लोक शिरस्त्राणं घालून आले होते आणि सेवेरोचा आवाज सज्जापर्यंत ऐकू येत होता. तो काय ओरडत होता ते मात्र कळत नव्हतं.

मग कथिलाचा भाव कोसळला. हे वाक्य त्यांनी पुढच्या आयुष्यात इतक्या मुलाखतींत म्हटलं की आता ते मनात आलं तरी छापलेलंच येतं. खाणी बंद करायच्या की पगार द्यायला नोटा छापत राहायचं, एवढंच उरलं होतं. ज्यांनी कर्ज दिलं होतं त्यांना पहिलं हवं होतं. वायरापाताच्या लोकांनी रस्ता अडवला. पूल धरला. सेवेरो दोनदा ला पासला भेटायला आला. पहिल्यांदा त्याला जेवायला घातलं, दुसऱ्यांदा मंत्रिमंडळाची बैठक चालू आहे असं सांगितलं आणि ती खरंच चालू होती. तो बाहेरच्या बाकावर शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसला होता, असं न्येवेसने रात्री जेवताना सांगितलं. तेव्हा ती विद्यापीठात होती. आणीबाणीच्या हुकुमावर सही करताना कोंदार्कोंनी सेनाप्रमुखाला बजावलं होतं की हवेत गोळ्या झाडा. हे त्यांनी तोंडी बजावलं होतं. कागदावर 'आवश्यक ते बळ' असं होतं. दुपारी पूल मोकळा झाल्याचा निरोप आला, मग थोड्या वेळाने दुसरा, मेलेल्यांच्या नावांचा; त्यात सेवेरो होता. संध्याकाळी न्येवेसचा फोन. तिने एकच गोष्ट विचारली. "पपा, पाद्रिनो कुठे आहेत?" समोर टेबलावर रेडिओवर वाचायचं निवेदन पडलेलं होतं, आणि खोलीत चार माणसं उभी होती. त्यांनी मुलीला सांगितलं, "परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे." ती रडेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं. तिने फोन ठेवला, आणि त्यानंतर त्यांच्याशी कधीच बोलली नाही. पाच महिन्यांनी मित्रपक्षांनी पाठिंबा काढला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुन्हा उभे राहिले तेव्हा वायरापाताच्या पेटीत त्यांना फारच थोडी मतं निघाली. ती कुणाची, हे शोधायचा त्यांनी मनातल्या मनात बराच प्रयत्न केला होता. मग सिनेट, मग दूरदर्शनवरच्या रात्रीच्या चर्चांमधली कोपऱ्यातली खुर्ची, मग तीही नाही. न्येवेसने वर एल आल्तोत शाळेत नोकरी धरली, कास्तो नावाच्या शिक्षकाशी लग्न केलं, तिला मुलगी झाली, तिला आजार झाला. हे सगळं त्यांना तिसऱ्याच माणसांकडून, कुठेतरी कोट काढून ठेवताना किंवा जिन्यात, कळत गेलं. ते दवाखान्यातही गेले नाहीत. आधी निरोप पाठवला आणि होकाराची वाट पाहिली. निरोपाला उत्तर येतं, या गोष्टीची राजकारणातल्या माणसाला इतकी सवय झालेली असते.

वर थंडी होती आणि ऊन डोळ्यांत खुपत होतं. बाईने उतरताना त्यांना आपल्या घरची खूण सांगितली, वेळ झाला तर या म्हणाली. न्येवेसचं घर शोधायला लागलं नाही. दारावर काळं फडकं बांधलेलं होतं आणि आत बायकांचा गलबला होता. ते उंबऱ्यात उभे राहिले. भिंतीला लावून मेज, त्यावर काळं कापड, दोन्ही बाजूंना उभे ऊस बांधून केलेली कमान, मेणबत्त्या, फळं, मृतात्म्याला वाटेत पोकळ पातीत पाणी भरून नेता यावं म्हणून पातीसकट कांदे, वर चढून जायला पावाची शिडी. मधोमध न्येवेसचा फोटो. ती त्यांच्या आठवणीपेक्षा पुष्कळ मोठी होती. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, आणि चष्म्याआड त्यांच्या आईचे डोळे. बाप म्हणून त्यांनी हा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. एखाद्या कार्यालयात ती समोर आली असती तर त्यांनी 'बसा, बाई' म्हटलं असतं. त्यांना ही गोष्ट फार वेळ कळत राहिली, एकदा कळून संपली नाही.

"या आजोबा, आत या. बरं झालं आलात, आता मेज उठवायचीच वेळ झाली." मुलगी विशीची असेल. हातात पितळी ताट, गालाला पीठ लागलेलं. ही वारा, न्येवेसची मुलगी. तिने त्यांना स्टूल दिलं, गरम जांभळ्या मक्याचं पेय दिलं, आणि पेला दोन्ही हातांनी धरायला सांगितलं. कोपऱ्यात बसलेल्या तिघी-चौघी शेजारणींनी म्हाताऱ्याला पारखून घेतलं. एकीने विचारलं, लॅटिन येतं का. येतं म्हटल्यावर दुसरी म्हणाली, मग हे जुन्या घाटणीचे आहेत, आता असे मिळत नाहीत. कास्तो घरात दिसत नव्हता. कोंदार्कोंनी पेला खाली ठेवला, टोपी काढली आणि रीतीप्रमाणे विचारलं, कुणासाठी म्हणू. ही दोन माणसांमधली ठरलेली बोली होती. लहानपणी त्यांनी ती शेकडो दारांत बोलली होती, पण तेव्हा विचारायचं काम सेवेरोचं असे.

"आईसाठी. न्येवेस कोंदार्को," वारा म्हणाली. "आणि तिच्या वडिलांसाठी. इलारिओन."

तिने बोट दाखवलं तेव्हा त्यांना ते दिसलं. फोटोच्या डाव्या अंगाला, शिडीपाशी, पावाचं एक बाळ ठेवलेलं होतं. गुंडाळलेल्या तान्ह्या मुलासारखा आकार, तोंडाच्या जागी बाजारात मिळतो तसला रंगवलेला मातीचा छोटा चेहरा, काळी मिशी, आणि डोक्यावर कणकेचंच खाणकामगाराचं शिरस्त्राण. पाव भाजताना शिरस्त्राण थोडं तडकलं होतं. वारा सांगत होती की खरं तर जुन्या माणसांचं मेज मांडत नाहीत, पण आई दर वर्षी त्यांच्यासाठी एक कोपरा ठेवायची, म्हणून तिनेही ठेवला. आता आईचंच मेज बंद होणार, तर त्यांचंही होईल. फोटो नाही, आईकडे नव्हता. खाणीवर होते. वायरापाताच्या पुलावर गोळीबार झाला ना, त्यात गेले. "आई म्हणायची, फार बारीक आवाज होता त्यांचा. पण प्रार्थना सगळ्या पाठ."

कोंदार्को उभे राहिले. न्येवेससाठीची प्रार्थना त्यांनी सावकाश म्हटली, एक शब्दही न गाळता. चौकाचौकांतून तीस वर्षं कमावलेला आवाज होता. तो त्यांच्या परवानगीची वाट न पाहता त्या लहान खोलीत भरला, आणि शेजारणी बोलायच्या थांबल्या. एकीने डोळ्यांना शालीचा पदर लावला. मुलीचं नाव घेताना काही झालं नाही. झालं ते पुढे. दुसऱ्या प्रार्थनेला सुरुवात करून ते नावाच्या जागेपाशी आले, आणि तोंडातून आलं, "सेवेरो चोके याच्या आत्म्याला." ठरवून म्हटलेलं नव्हतं. पण म्हटल्यावर त्यांना वाटलं की हेच बरोबर आहे, हा कोपरा त्याचा आहे, हे शिरस्त्राण त्याचं आहे, आणि त्यांनी आवाज चढवून पुढची ओळ घेतली.

शेजारणींत चुळबुळ झाली. वाराने त्यांच्या बाहीला हात लावला. "आजोबा, चुकलं. इलारिओन." दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं ती हळू बोलली. एक शेजारीण म्हणाली की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावा, दुसऱ्याच्या नावावर गेलेलं परत येत नाही. दुसरी म्हणाली, असू दे गं, थकलेत ते. पण वाराला असू द्यायचं नव्हतं. "शेवटचं वर्ष आहे त्यांचं," ती म्हणाली. "म्हणा ना. आईला बरं वाटेल."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटली. इलारिओन कोंदार्को, जो आमच्यामधून गेला, त्याच्यावर दया कर. त्याला अंधारात ठेवू नकोस. या वेळी आवाज चौकातला नव्हता, बारीक झाला होता, मधे मधे तुटत होता, आणि एका जागी त्यांना पुढचा शब्द आठवेना तेव्हा वाराने तो पुरवला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यांना वाटलं, न्येवेसने किती विचार करून जागा निवडली. तिला सांगता आलं असतं की बाप परदेशी गेला, बाप वाईट होता, बाप नव्हताच. तिने त्याला पुलावर नेऊन ठेवला, दुसऱ्या बाजूला, ज्या बाजूला तो त्या दुपारी असायला हवा होता. राष्ट्राध्यक्षाला तिने यातलं काहीच दिलं नव्हतं. दिलं ते लाचोला, आणि दर वर्षी दिलं, पीठ मळून, चेहरा विकत आणून, शिरस्त्राण स्वतः घडवून. प्रार्थना संपली. वाराने ताटातले पाव त्यांच्या पिशवीत घातले, मग थोडा विचार करून ते शिरस्त्राणवालं बाळही उचललं आणि वर अलगद ठेवलं. ज्याने नाव घेतलं त्याच्यासोबत ते जायला हवं, असं ती म्हणाली.

मागल्या दारातून कास्तो आत आला तेव्हा त्याच्या हातात मोठं पातेलं होतं. त्याने म्हाताऱ्याला पाहिलं. पातेलं खाली ठेवलं, झाकण नीट बसवलं, आणि मुलीला सांगितलं की मेज उठवायला घ्या, बारा होताहेत, मी यांना स्टेशनापर्यंत पोचवून येतो. कोंदार्को निघाले तेव्हा वाराने कोटाच्या बाहीला लागलेलं पीठ झटकलं. ते पीठ तिच्याच हाताचं होतं. दोघे गल्लीतून चालू लागले. कुणाच्या तरी अंगणात बँड वाजत होता आणि पोरं उसासाठी झोंबत होती. मग कास्तोने, रस्त्याकडे बघतच, सांगायला सुरुवात केली. मुलगी चार वर्षांची असताना तिने विचारलं होतं, आजोबा कुठे गेले. न्येवेसने तेव्हा जे सांगितलं ते ऐकून तोही दचकला होता. रात्री त्याने विचारलं, असं खोटं का सांगितलंस. तर ती म्हणाली, यात खोटं काय आहे. एवढंच. नंतर तो विषय कधी निघाला नाही, पण सण जवळ आला की ती बाजारातून मिशीवाला चेहरा शोधत बसायची, आणि मनासारखा मिळाला नाही तर चिडायची.

"मी तिला सांगू शकतो," कोंदार्को म्हणाले. "तिला कळायला हवं. आज ना उद्या कळेलच."

कास्तो थांबला. "डॉक्टर, ती पुढल्या वर्षी कायद्याला जाणार आहे. तिच्या प्रवेशाच्या अर्जात तिने काय लिहिलंय माहीत आहे? माझे आजोबा वायरापातात मारले गेले म्हणून मला वकील व्हायचंय." त्याने दोन्ही हात खिशात घातले. "न्येवेसने तुम्हाला मारलं ते रागाने नाही. तिला रडायला एक बाप हवा होता. मुलीलाही तोच आहे. तुम्ही आता जिवंत होऊ नका."

कोंदार्कोंना यावर काहीतरी म्हणायचं होतं. आयुष्यभर त्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायचं असे, आणि शब्द कधी कमी पडले नव्हते. आताही ते होते: सत्य, हक्क, इतिहास, नातीचा चेहरा. ते सगळे शब्द कुठल्या ना कुठल्या भाषणात वापरून झालेले निघाले. त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, हे कास्तोला कळलं नसावं. तो म्हणाला, जपून जा, थंडी वाढलीय. चर्चच्या घंटा सुरू झाल्या. खालच्या शहराच्या, वरच्या शहराच्या, सगळ्या एकमेकांच्या मागेपुढे. आत्मे निघाले म्हणायची ही वेळ. केबल-कारच्या पाळण्यात या वेळी कुणीच नव्हतं. पाळणा उतरणीला लागला तेव्हा ते पिशवीच्या तोंडावर हात ठेवून बसले होते, आतलं काही दबू नये म्हणून.

घरी आल्यावर एउलालियाबाईंनी पाव मोजले आणि पसंती दिली; साधे त्यांनी स्वतःच डब्यात भरले आणि शिरस्त्राणवाल्याला काय करायचं विचारलं. कोंदार्को म्हणाले, राहू दे. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिलं, कोरडं होत गेलं, आणि ते सकाळी कॉफी घेताना त्याच्याकडे पाठ करून बसू लागले. एका इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुलाखत मागितली, ती त्यांनी नाकारली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. दोनदा ते पत्र लिहायला बसले. पहिल्याला वरचा मायना सुचला नाही. दुसऱ्याला मायना सुचला, पण खाली सही कुठल्या नावाने करायची, इथे ते अडले.

पुढच्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास खालच्या दाराची घंटा वाजली. इमारतीच्या पाटीवर त्यांच्या घराच्या क्रमांकापुढे 'डॉ. आर्तुरो कोंदार्को' असं आहे, आणि येणारे सगळे तेच विचारतात. एउलालियाबाई सुट्टीवर होत्या. कोंदार्कोंनी भिंतीवरचं बोलायचं यंत्र उचलून कानाला लावलं. रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज आला, मग एका तरुण मुलीचा, वाराचा.

"इलारिओन कोंदार्को इथे राहतात का?"

तिने घाई केली नाही. थोडं थांबून तेच पुन्हा, तितक्याच सावकाश विचारलं. त्यांना तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे तिलाही त्यांचा येत असणार. दार उघडायचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली होतं.